पहिला बॅजर ब्रश: नाव बाजूला ठेवा, माप बघा

दाढीसाठी चांगला ब्रश घ्यायचं मनावर घेतलं की पहिला गोंधळ उडतो तो नावांचा. ‘प्युअर’, ‘बेस्ट’, ‘सुपर’, ‘फायनेस्ट’, ‘सिल्व्हरटिप’ अशी एकाहून एक भारी नावं, दिसायला जवळपास सारखे ब्रश आणि किमतीत मात्र चौपट-पाचपट फरक. जास्त पैसे मोजले की दाढी जास्त चांगली होईल, असा सरळ हिशेब आपण करतो आणि तिथेच फसतो. सोन्याला कॅरट असतो. बॅजरच्या केसांना तसं काही नाही. ही नावं ज्याची त्याने ठेवलेली आहेत. एका कारखान्याचा ‘बेस्ट’ दुसऱ्याच्या ‘सुपर’पेक्षा सरस निघू शकतो.

म्हणून सल्ला असा, की पहिला बॅजर ब्रश नावावरून घेऊ नका, मापावरून घ्या. झुबक्याची जाडी, केसांची उंची आणि त्यांची दाटी या तीन गोष्टी कळल्या, आणि आपण साबण कोणता वापरतो हे ध्यानात घेतलं, तर मधल्या किमतीचा ब्रशही वर्षानुवर्षं चोख काम देतो.

ब्रश नेमकं काय करतो?

दाढीच्या फेसाला साबण, पाणी आणि हवा या तिन्ही गोष्टी लागतात. ट्यूबमधलं क्रीम बोटांनी गालाला फासलं तर साबण लागतो, पण पाणी आणि हवा पुरेशी मिसळत नाही. ब्रश ते काम करतो. शिवाय गालावर गोल गोल फिरताना तो दाढीचे आडवे पडलेले केस उभे करतो आणि मुळापर्यंत ओले करतो. ओला केस मऊ पडतो आणि पातं त्यावरून खेचाखेच न करता जातं. रेझर कितीही भारी असला तरी केस नीट भिजलेले नसतील, तर दाढीनंतर आग होणारच.

बॅजर हा पाणमांजराच्या कुळातला, बिळं करून राहणारा प्राणी. त्याचा केस मुळाशी फिकट, मध्ये काळपट आणि टोकाला पांढुरका असतो. मधला भाग जाड असल्यामुळे केस ताठ उभा राहतो आणि टोकाकडे तो निमुळता होत गेल्यामुळे गालाला बोचत नाही. अशा हजारो केसांचा झुबका बांधला की केसांच्या मधल्या फटींत पाणी भरपूर राहतं आणि घोळवताना ते हळूहळू सुटतं. बॅजरचं मोठेपण आहे ते एवढंच. त्यात जादू नाही, पण हे काम तो खरोखर छान करतो.

तुम्हाला बॅजर हवाच आहे का?

पैसे खर्च करण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारून घ्या, कारण दाढीचा ब्रश म्हणजे बॅजरच असं नाही.

डुकराच्या केसांचे ब्रश स्वस्त आणि टणक असतात. वडीसारखा कडक साबण ते पटकन उचलतात. मात्र वापरण्याआधी पाच-दहा मिनिटं भिजत ठेवावे लागतात. सुरुवातीचे काही आठवडे ते राठच लागतात. पुढे केसांची टोकं दुभंगत जातात आणि ब्रश मऊ होतो. इटलीची ‘ओमेगा’ आणि पोर्तुगालची ‘सेमोग’ या कंपन्या अशा ब्रशसाठी नावाजलेल्या आहेत. धार्मिक कारणाने डुकराचे केस ज्यांना वर्ज्य आहेत त्यांनी खरेदी करताना केस कशाचे हे स्पष्ट विचारावं, कारण स्वस्त ब्रशच्या खोक्यावर नुसतं ‘नैसर्गिक केस’ एवढंच छापलेलं असतं.

घोड्याच्या केसांचे ब्रश या दोन्हींच्या मधले. आणि चौथा पर्याय सिंथेटिकचा. जुन्या नायलॉनच्या ब्रशमुळे सिंथेटिक बदनाम झाला, पण गेल्या काही वर्षांत त्याचे तंतू फार सुधारले आहेत. ते भिजवायला नकोत, त्यांना वास येत नाही, फेस झटपट होतो आणि ब्रश काही तासांत वाळतो. जे सतत प्रवासात असतात किंवा सकाळी घाईत दाढी उरकतात, त्यांना सिंथेटिक बॅजरपेक्षा सोयीचा पडतो.

आणखी एक गोष्ट डोळे उघडे ठेवून ठरवायची आहे. बॅजरचे केस मेंढीच्या लोकरीसारखे कातरून घेतलेले नसतात. त्यासाठी प्राणी मारला जातो. ब्रिटनमध्ये बॅजरला १९९२ च्या कायद्याने संरक्षण आहे, म्हणून ब्रिटिश नावाच्या ब्रशमध्येही केस तिथल्या बॅजरचे नसतात. आज बाजारातले बहुतेक सगळे बॅजर केस चीनमधून येतात. तिथे बॅजर कसे पाळले आणि मारले जातात, याचं चित्रण प्राणिहक्कांसाठी काम करणाऱ्या ‘पेटा’ने २०१८ मध्ये लोकांसमोर आणलं होतं. हे मनाला पटत नसेल तर विषय इथेच संपतो. चांगला सिंथेटिक घ्या; दाढी काही कमी गुळगुळीत होणार नाही.

आपल्याकडच्या कायद्याचंही भान असू द्या. मुंगसाच्या केसांचे ब्रश विकणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि भारतात आढळणाऱ्या हनी बॅजरलाही हाच कायदा संरक्षण देतो. त्यामुळे ‘इथल्याच रानटी केसांचा’ म्हणून कुणी ब्रश गळ्यात मारू लागला तर हात लावू नका. बॅजर ब्रश घ्यायचाच असेल तर केस कुठले हे सांगणाऱ्या आणि पक्कं बिल देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्या.

नावांचा घोळ

तरीही ही नावं पुन्हा पुन्हा समोर येणार, तेव्हा त्यांचा ढोबळ अर्थ माहीत असलेला बरा.

‘प्युअर’ म्हणजे काळपट, जाडसर केस. ते ताठ असतात आणि थोडे बोचतात. ‘बेस्ट’ त्याहून बारीक, टोकाला फिकट, ताठपणा आणि मऊपणा यांचा मेळ साधणारा. ‘सुपर’ आणि ‘सिल्व्हरटिप’ म्हणजे टोकं पांढरीशुभ्र, अतिशय मऊ आणि महाग. केसावर काळा पट्टा मध्ये आणि फिकट भाग दोन्हीकडे दिसला तर त्याला तीन-पट्टी म्हणतात. नुसता खाली काळा आणि वर पांढरा दिसला तर दोन-पट्टी. दोन-पट्टी केस सहसा जास्त ताठ असतो.

हे सगळं ‘सहसा’च्या हिशेबाने घ्यायचं. अगदी ‘प्युअर’ हे नाव उलटं भुलवतं. वाटतं की हा सगळ्यात शुद्ध, म्हणजे सगळ्यात चांगला. प्रत्यक्षात ती सर्वांत खालची पायरी असते. आणि वरच्या पायरीचाही भरवसा नाही. काही स्वस्त ब्रशमध्ये साध्या केसांची टोकं रसायनाने फिकट करून ‘सिल्व्हरटिप’ म्हणून विकतात.

दोन नामांकित ब्रशांची तुलना केली की नावाचा फोलपणा कळतो. ब्रिटनची ‘केंट’ ही कंपनी १७७७ पासूनची. तिचे ‘बीके’ मालिकेतले सिल्व्हरटिप ब्रश अतिशय मऊ आणि लवलवते. ‘सिम्प्सन’ ही १९१९ ची. तिचा ‘चबी’ ठेंगणा, गच्च भरलेला आणि जोरकस. दोन्ही उत्तम, दोन्ही महाग आणि वागायला अगदी परस्परविरुद्ध. एकाचा भक्त दुसऱ्यावर खूश होईलच असं नाही. हा फरक लेबलवर छापलेला नसतो. तो मापांत असतो.

जाडी, उंची, दाटी

पहिलं माप जाडी. झुबका मुठीत जिथे शिरतो तिथला व्यास म्हणजे ब्रशची जाडी, आणि ती मिलिमीटरमध्ये देतात. १८ ते २० म्हणजे लहान, २२ ते २४ मध्यम, २६ च्या पुढे मोठा. मोठा ब्रश दिसायला रुबाबदार असतो, पण ओला झाल्यावर तो आणखी पसरतो आणि फेस नाकात, ओठांत, कानापर्यंत जातो. मिशी, फ्रेंच दाढी किंवा कल्ले राखणाऱ्यांना तर तो अजिबात आवरत नाही. त्यांनी २० ते २२ च्या वर जाऊ नये. बाकीच्यांना पहिल्या ब्रशसाठी २२ ते २४ पुरेसा.

दुसरं माप उंची, म्हणजे मुठीच्या काठापासून केसांच्या टोकापर्यंतचं अंतर. बाजारातले बहुतेक ब्रश ४५ ते ५५ मिलिमीटरच्या दरम्यान असतात. ही उंची एकटी बघू नका. तिला जाडीने भागा. उत्तर २ च्या आसपास आलं तर ब्रश ताठ, २.५ च्या जवळ गेलं तर लवलवता. उदाहरणार्थ, जाडी २४ आणि उंची ५० असेल तर उत्तर येतं २.०८. हा ब्रश गालावर दाबला की दबतो आणि लगेच उभा राहतो. जाडी २२ आणि उंची ५५ असेल तर उत्तर २.५, हा ब्रश मऊ, पण साबणाच्या वडीवर तो नुसता लोळतो. नवख्या माणसाने २.१ ते २.३ यांच्या मध्ये राहावं. या एका भागाकाराने निम्मी निवड होते.

तिसरं माप दाटी, आणि ती कुठल्याही खोक्यावर छापलेली नसते. एकाच जाडीत केस गच्च भरता येतात किंवा विरळही. गच्च ब्रश फेस धरून ठेवतो, पण साबण जास्त खातो, वाळायला वेळ लावतो आणि आतला फेस बाहेर यायला दाबावा लागतो. विरळ ब्रश लवकर खुलतो, मात्र दुसऱ्या-तिसऱ्या हातापर्यंत फेस पुरत नाही. ब्रश हातात असेल तर झुबका मुळाशी अंगठा आणि तर्जनी यांच्यात चिमटून बघा. चिमटीत तो सहज चपटा होऊन बोटं जवळजवळ भिडली तर ब्रश विरळ. जोर लावूनही आत लाकूड असल्यासारखा लागला तर फार गच्च. पहिल्या ब्रशसाठी या दोन्हींच्या मधला निवडा.

आकार आणि मूठ

झुबक्याचं डोकं घुमटासारखं गोल असतं, पंख्यासारखं पसरट असतं किंवा मधलं. गोल डोक्याचा ब्रश नेमका लागतो आणि साबण चांगला उचलतो. पसरट ब्रश गालावर मोठा पट्टा मारतो. नव्याने शिकणाऱ्याला गोल किंवा मधला आकार आवरायला सोपा.

मूठ ही केवळ शोभेची गोष्ट नाही. हात ओला आणि साबणाने बुळबुळीत असताना ती पकडायची असते. म्हणून मध्ये खोबण किंवा कंबर असलेली मूठ घ्या. गुळगुळीत धातूची मूठ देखणी असली तरी निसटते. राळेची, म्हणजे रेझिनची मूठ सर्वांत निर्धास्त. ती पाणी पीत नाही आणि तडकत नाही. लाकडाची मूठ हवीच असेल तर तिच्यावरचं पॉलिश जाड आणि अखंड असल्याची खात्री करा. कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्याचे चार महिने न्हाणीघर कोरडं होतच नाही. तिथे लाकूड फुगतं, भेगा पडतात आणि शेवटी झुबक्याची डिंकाची पकड सुटते. शिंगाची मूठ सुंदर आणि महाग असते, पण पाण्याने ती वाकते, तडकतेही.

साबण ठरवा, मग ब्रश

हा मुद्दा बहुतेक लोक विसरतात. डबीतली कडक वडी वापरत असाल तर ब्रशला ताठपणा हवा. लवलवत्या सिल्व्हरटिपने अशी वडी घासायला गेलात तर साबण येत नाही आणि जोर लावून केस तुटतात. मऊ क्रीम वापरत असाल तर ताठपणाची एवढी गरज नाही, मऊ ब्रशही मजेत चालतो.

फेस कुठे करता, यावरही निवड ठरते. वाटीत किंवा मगमध्ये फेस करून मग गालाला लावणाऱ्याला थोडा उंच, मऊ ब्रश चालतो. थेट गालावरच फेस करणाऱ्याला ठेंगणा, ताठ ब्रश हवा. दोन्ही करून बघायचं असेल, आणि पहिल्या वर्षात तसंच होतं, तर मघाचा २.१ ते २.३ चा हिशेब दोन्हीकडे निभावतो.

हातात घेऊन काय तपासाल

ब्रश दुकानात बघायला मिळाला तर या गोष्टी करा.

टोकं उजेडाकडे धरून बघा. चांगल्या ब्रशमध्ये झुबक्याला आकार देताना केसांची नैसर्गिक टोकं साच्यात बसवतात आणि जादा भाग मुळाकडून कापतात. हलक्या मालात झुबका बांधून मग वरून कात्री चालवतात. अशी कापलेली टोकं उजेडात बोथट, एका रेषेत दिसतात, आणि ती गालावर बोचतातच. कितीही वापरली तरी बोचणं जात नाही. नैसर्गिक टोकं निमुळती, धुरकट आणि किंचित वरखाली असतात.

तळहातावर कोरडा ब्रश गोल फिरवा. कोरडा असताना थोडी बोच लागणारच. सुया टोचल्यासारखं वाटलं तर मात्र सोडून द्या. दुकानदाराने परवानगी दिली तर ओला करून पुन्हा बघा, खरी परीक्षा तीच.

ओल्या पांढऱ्या रुमालावर केस हलकेच पुसा. काळा रंग उतरला तर पट्टा रंगवलेला आहे.

झुबका बोटांनी मधोमध उघडून तळाशी बघा. मध्ये भोक पडल्यासारखी मोकळी जागा दिसली किंवा डिंकाचा गोळा वर आलेला दिसला तर बांधणी ढिसाळ आहे. केस हलकेच ओढा. एखाद-दुसरा येईल, चिमूटभर आले तर ब्रश परत ठेवा.

ऑनलाइन घ्यायचा असेल तर विक्रेत्याला जाडी आणि उंची विचारा, आणि पट्टी लावून काढलेला फोटो मागा. ही दोन मापं द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका. परदेशातून मागवताना कस्टम ड्युटी वेगळी पडते आणि परत पाठवणं अवघड असतं, हेही धरून चाला.

पहिला आठवडा

नवा बॅजर ओला केला की जनावराचा वास येतो. तो दोष नाही. कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून ब्रश तळहातावर घोळवा, स्वच्छ खळबळा आणि पुन्हा एकदा हेच करा. मग साबणाचा चांगला फेस करून तो ब्रशमध्येच काही तास राहू द्या आणि धुऊन टाका. आठवडाभरात वास जातो. तरी गेला नाही तर केस नीट धुऊन आलेले नाहीत असं समजा.

पहिल्या काही दाढ्यांत पाच-दहा केस गळतील. बांधताना अडकलेले सुटे केस ते. मग गळणं थांबतं. महिन्याभरानंतरही रोज केस येत असतील तर गळलेला केस नीट बघा. तो पूर्ण लांबीचा असेल तर डिंकाची पकड सुटली आहे आणि ब्रश बदलून मागायला हरकत नाही. अर्धाच असेल तर तो तुटलेला आहे, म्हणजे आपण ब्रश फार दाबतो आहोत.

फेस असा करा

वाटीत हाताला सोसेल इतकं गरम पाणी घेऊन ब्रशचे केस दोन मिनिटं बुडवा. मूठ पाण्याबाहेर राहू द्या. गिझरचं वाफाळतं पाणी थेट घालू नका, त्याने केस ठिसूळ होतात आणि डिंक सैल पडतो. ब्रश काढून एकदा-दोनदा झटका, म्हणजे टपकणारं पाणी जाईल आणि ओल राहील.

आता वडीवर ब्रश अर्धा मिनिट गोल फिरवा, जोर न लावता. सुरुवातीला मोठे बुडबुडे येतील, मग फेस दाट आणि चिकट होईल. तो ब्रशच्या टोकांवर सायीसारखा जाड बसला की थांबा. क्रीम असेल तर बदामाएवढं पुरे. मग गालावर किंवा वाटीत घोळवायला लागा आणि बोटांनी थेंब थेंब पाणी सोडत जा. पाणी कमी असेल तर फेस कोरडा, चुन्यासारखा दिसतो आणि पातं अडकतं. जास्त झालं तर बुडबुडे दिसतात आणि फेस घसरून मानेवर येतो. चकाकी आली आणि बुडबुडे दिसेनासे झाले की फेस तयार. शेवटी रंगाऱ्यासारखे वर-खाली दोन-चार हात मारून तो सारखा करा.

ब्रश गालावर दाबून चेपटा करायचा नाही. केसांचा वरचा एक तृतीयांश भाग वाकेल एवढाच दाब हवा. सतत दाबून फिरवला की मधले केस मुळाशी तुटतात आणि काही महिन्यांत मध्ये भोक पडतं.

फेस होतच नाही, अशी तक्रार असेल तर ब्रशला दोष देण्याआधी पाणी तपासा. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात क्षार असतात. ते साबणाशी संयोग पावून चिकट साका तयार करतात आणि फेस बसतो. अशा ठिकाणी दाढीपुरतं एक वाटी आरओचं किंवा पावसाचं पाणी वापरून बघा. पाणी बदललं की साध्या ब्रशनेही फेस उभा राहतो.

रोजची निगा

दाढी झाली की ब्रश वाहत्या पाण्याखाली धरा आणि मुळाशी बोटं फिरवून साबण पूर्ण काढा. मुळाशी साबण राहिला की तो वाळून दगड होतो आणि केस तुटू लागतात. मग झटका, टॉवेलवर दोनदा हलकेच पुसा आणि हवेशीर जागी ठेवा. उलटा टांगावा की उभा ठेवावा, यावर लोक खूप वाद घालतात. पाणी नीट झटकलेलं असेल तर दोन्ही चालतं. हवा मात्र खेळती हवी. ओला ब्रश बंद कपाटात किंवा प्लॅस्टिकच्या नळीत कोंबला तर बुरशी येते. पावसाळ्यात तो न्हाणीघरात न ठेवता खोलीत पंख्याच्या वाऱ्याला ठेवा. उन्हात वाळवू नका.

रोज दाढी करत असाल तर ब्रशला पूर्ण वाळायला चोवीस तास मिळतात, तेवढे पुरतात. गच्च ब्रश पावसाळ्यात तेवढ्यात वाळत नाही. तेव्हा एक दिवसाआड सिंथेटिक वापरा.

दोन-तीन महिन्यांनी केस चिकट आणि जड वाटू लागले तर एक वाटी कोमट पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर घालून ब्रश पाच मिनिटं बुडवा आणि चांगला धुवा. साचलेले क्षार निघतात. ब्रश बरेच दिवस वापरायचा नसेल तर कोरडा करूनच ठेवा. लोकर खाणारी कसर बॅजरचे केसही खाते.

आजोबांचा ब्रश सापडला तर?

जुन्या ट्रंकेतला किंवा चोरबाजारातला शंभर वर्षांपूर्वीचा ब्रश धुऊन वापरावा असा मोह होतो. तो वापरू नका. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत दाढीच्या ब्रशमधून अँथ्रॅक्सची लागण झाली होती. त्यात सैनिकही होते. युद्धामुळे केसांचा नेहमीचा व्यापार विस्कटला, बॅजर म्हणून घोड्याचे केस खपवले गेले आणि ते निर्जंतुक न करताच ब्रशमध्ये बांधले गेले. ब्रिटनने १९२० मध्ये जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशच्या आयातीवर बंदी घातली. अँथ्रॅक्सचे बीजाणू फार चिवट असतात, साबणपाण्याने ते जात नाहीत. त्या काळातला ब्रश शोकेसमध्ये ठेवा. फारच जीव जडला असेल तरी झुबका काढून मूठ वापरण्यासाठी तो स्वतः उघडायला बसू नका. आजचे केस निर्जंतुक करूनच बांधले जातात, त्यामुळे नव्या ब्रशबाबत ही भीती नको.

तर कोणता घ्यावा?

नवख्या माणसासाठी माझी शिफारस अशी: जाडी २२ ते २४ मिलिमीटर, उंची ४८ ते ५२, गोल किंवा मधलं डोकं, मध्यम दाटी, मध्ये खोबण असलेली रेझिनची मूठ आणि ‘बेस्ट’ पायरीचे, टोकं न कापलेले केस. मिशी असेल तर जाडी २० ते २२; उंची मात्र दोन्हीकडे २.१ ते २.३ च्या हिशेबात बसणारी. कडक वडी आणि मऊ क्रीम, वाटी आणि गाल, सगळीकडे हा ब्रश चालतो.

सिल्व्हरटिपची घाई करू नका. सहा महिने मधला ब्रश वापरला की आपल्याला ताठ आवडतो की मऊ, हे गालच सांगतो, आणि मग महागाचा ब्रश घ्यायचाच झाला तर तो चुकत नाही. त्याउलट, सहा महिन्यांनीही सकाळची घाई सुटली नसेल आणि ब्रश भिजवायला दोन मिनिटं मिळत नसतील, तर बॅजर तुमच्यासाठी नाही. एक चांगला सिंथेटिक घ्या आणि वाचलेल्या पैशांतून पात्यांचं वर्षभराचं पाकीट आणा. दाढीत पडणारा फरक त्याने जास्त जाणवेल.